सुरिनाम घाटावरचे माय-बाप

अकोला स्टेशनावर उभे राहिले की आपल्या लोकांची नजर पश्चिमेकडे असते. मुंबई तिकडे, भिवंडी तिकडे, विमानतळ तिकडे. आणि विमानतळापलीकडे दुबई, रियाध, दोहा. पण याच रुळांचे दुसरे टोक पूर्वेला आहे. दुपारी अकोल्याहून गीतांजली पकडली की बडनेरा, नागपूर, रायपूर, टाटानगर करीत दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा येते. सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास. वऱ्हाडातल्या तयार कपड्यांच्या दुकानदारांना ही वाट चांगली ठाऊक आहे, कारण कोलकात्याच्या मटियाबुर्ज भागात लहान मुलांचे कपडे ठोक भावात मिळतात. रमजानच्या आधी दुकान भरायचे तर एक फेरी तिकडे होतेच.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे नवरा-बायको याच कामासाठी निघालो. अमरावतीची आमची आपा आणि तिचा मुलगा बडनेऱ्याला चढले. भाचा बावीस वर्षांचा. नववीतून शाळा सुटली, मग एका मिस्त्रीच्या हाताखाली राहून घरांच्या वायरिंगचे काम शिकला. आता त्याला आखाती देशात जायचे होते. एजंटने दिलेला कराराचा कागद त्याच्या बॅगेत होता. आपाला मात्र वाटत होते की त्याने मामूबरोबर बाजार बघावा, कपड्याच्या धंद्यात मन लागले तर बरेच. म्हणून तिने त्याला ओढून आणले होते. डब्यात पराठे, शामी कबाब आणि लसणाची चटणी निघाली, तेवढ्यापुरता विषय थांबला.

आपण ज्या रुळांवरून जातो ते रूळ वऱ्हाडात माणसांसाठी आले नव्हते, कापसासाठी आले होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि अकोला, खामगाव, अमरावतीच्या कापसाला एकाएकी भाव आला. त्याच दशकात ही लाइन वऱ्हाड ओलांडत १८६७ साली नागपूरला पोहोचली. आपल्या काळ्या जमिनीतला कापूस समुद्रापार गेला. त्याच काळात या देशातली माणसेही जहाजात भरून समुद्रापार जात होती. त्या माणसांची आठवण जिथे जपली आहे ती जागा मटियाबुर्जच्या बाजारापासून फार लांब नाही. ती बघावी असे आम्ही आधीच ठरवले होते.

मटियाबुर्ज हा हुगळी नदीकाठचा भाग. १८५६ साली इंग्रजांनी अवध खालसा केले आणि नवाब वाजिद अली शाह लखनौ सोडून इथे आले. बरोबर गवय्ये, बावर्ची, दर्जी, कातिब असा सगळा लवाजमा आला. १८८७ साली नवाबांचे इथेच निधन झाले. सिब्तैनाबाद इमामबाड्यात त्यांची कबर आहे. कोलकात्याच्या बिर्याणीत बटाटा असतो, तोही नवाबांच्या बावर्चीखान्यातून आला असे तिथले लोक सांगतात. आज गल्लीगल्लीत शिलाई मशीनचा आवाज आणि कापडाचे गठ्ठे. आम्ही दोन दिवस माल पाहिला, भाव केला, गठ्ठे बुक केले. तिसऱ्या दिवशी सकाळी इमामबाड्यात जाऊन आलो आणि तिथून खिदिरपूरच्या बाजूला नदीवर गेलो. नवाब गादी गमावून ज्या नदीकाठी येऊन राहिले, त्याच नदीकाठाहून हजारो गरीब माणसे परदेशी रवाना होत होती. एका नदीकाठी एकाच काळात या दोन गोष्टी घडल्या.

या जागेला सुरिनाम घाट म्हणतात. सुरिनाम हा दक्षिण अमेरिकेतला छोटा देश, त्या काळी डचांच्या ताब्यात होता. घाटावर एक पुरुष आणि एक स्त्री अशी साधी धातूची जोडी उभी आहे. अंगावर गावाकडचा पेहराव, आणि सगळा संसार बांधलेले एक गाठोडे. ना घोडा, ना तलवार, ना सिंहासन. स्मारकाचे नाव ‘माय-बाप’. ७ ऑक्टोबर २०१५ रोजी तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. ही प्रतिकृती आहे. मूळ ‘बाबा आणि माई’ची जोडी सुरिनामची राजधानी पारामारिबो इथे १९९४ साली उभारली गेली. म्हणजे जिथे उतरले तिथे एक जोडी, आणि जिथून निघाले तिथे एक जोडी. २०११ साली याच परिसरात करारावर गेलेल्या सगळ्याच मजुरांच्या आठवणीसाठी एक फलकही लावला गेला.

आपा बराच वेळ त्या बाईच्या पुतळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “एवढ्याशा गाठोड्यात काय बांधलं असेल हिने?”

काय बांधले असेल ते आपण अंदाजाने सांगू शकतो, पण ती माणसे का गेली हे कागदोपत्री नोंदलेले आहे. ऊस, कॉफी, कोको यांचे मळे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या घामावर चालत. इंग्रजांनी १८३४ साली आपल्या वसाहतींतली गुलामगिरी बंद केली. डचांनी १८६३ साली केली, पण सुटलेल्या गुलामांवर आणखी दहा वर्षे मळ्यात राबण्याची सक्ती ठेवली. ती मुदत १ जुलै १८७३ रोजी संपणार होती. मळेवाल्यांना नवे हात हवे होते. डच सरकारने इंग्रजांशी १८७० साली करार करून हिंदुस्थानातून मजूर नेण्याची परवानगी मिळवली होती. मुदत संपायला महिनाही उरला नव्हता तेव्हा, ५ जून १८७३ रोजी, कलकत्त्याहून निघालेले पहिले जहाज सुरिनामला लागले.

जहाजाचे नाव होते ‘लाला रुख’. फारसी शब्द, लाल्याच्या फुलासारखा चेहरा असलेली. इंग्रज कवी थॉमस मूरच्या काव्यातल्या मोगल शहजादीचे हे नाव. शहजादीच्या नावाचे जहाज, आणि पोटात मजूर. २६ फेब्रुवारीला निघताना ४१० जण चढले होते. शंभरएक दिवसांनी ३९९ उतरले: २७९ पुरुष, ७० बायका, ५० मुले. उरलेल्यांना ना गावची माती मिळाली, ना परदेशाची. १९१६ पर्यंत अशी ६४ जहाजे गेली आणि सुमारे ३४ हजार माणसे सुरिनामला पोहोचली. मॉरिशस, गयाना, त्रिनिदाद, नाताळ, फिजी या सगळ्या वसाहती धरल्या तर हा आकडा दहा लाखांच्या वर जातो. त्रिनिदादला १८४५ साली पोहोचलेल्या पहिल्या जहाजाचे नाव ‘फतह-अल-रज्जाक’ होते. रिज्क देणाऱ्याच्या नावाचे जहाज, आणि त्यात रिज्कासाठी मुलूख सोडलेली माणसे.

सुरिनामला गेलेले बहुतेक लोक आजच्या पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारमधले. हिंदू जास्त, मुसलमानही बरेच. गावात ‘अरकाटी’ म्हणजे मजूर भरतीचा दलाल येई. दुष्काळ, सावकाराचे देणे, घरातले भांडण, नवऱ्यामागे एकटी पडलेली बाई, हे त्याला नेमके दिसे. तो लांबच्या मुलखातल्या चांगल्या कामाची गोष्ट सांगे. पुढे कलकत्त्याच्या डेपोत माणसाचे नाव, बापाचे नाव, वय, गाव, जिल्हा, जात किंवा धर्म, अंगावरची खूण, सगळे लिहिले जाई आणि पाच वर्षांच्या करारावर अंगठा घेतला जाई. इंग्रजी ‘अॅग्रीमेंट’ त्यांच्या तोंडी ‘गिरमिट’ झाले आणि ते स्वतः गिरमिटिया झाले. आपल्याकडे गिरमिट म्हणजे सुताराचे भोक पाडायचे हत्यार. त्यांच्या आयुष्यात या कागदानेही तेच काम केले.

कारण कागदात जे होते ते अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हते. कामावर गैरहजर राहणे हा तिथे नुसता करारभंग नव्हता, फौजदारी गुन्हा होता. पगार कापला जाई, तुरुंगात टाकले जाई. परवान्याशिवाय मळा सोडून जायची सोय नव्हती. बाईला मजुरी पुरुषापेक्षा कमी. १९०२ साली मारियनबर्गच्या साखर मळ्यावर मजुरीवरून असंतोष पेटला. मजुरांच्या हातून व्यवस्थापक मारला गेला आणि दुसऱ्या दिवशी सैनिकांच्या गोळीबारात अनेक मजूर ठार झाले. त्यांना एकाच खड्ड्यात पुरण्यात आले. तिथेही आता स्मारक आहे.

घाटाच्या पायरीवर बसून आम्ही हे बोलत होतो तेव्हा सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीची आठवण झाली. कुरआनमधली ही सर्वांत लांब आयत नमाज-रोज्याबद्दल नाही, व्यवहाराच्या कागदाबद्दल आहे. मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवावे, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, ज्याच्यावर देणे येते त्याने स्वतः मजकूर सांगावा, त्याला ते जमत नसेल तर त्याच्या वलीने त्याच्या वतीने सांगावा, साक्षीदार ठेवावेत, आणि रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय. गिरमिटात नेमके उलटे झाले. लिहिणारा मालकाच्या बाजूचा, मजकूर मालकाचा, आणि ज्याला राबायचे त्याच्या वतीने बोलणारे कोणी नाही. लिखापढी झाली, पण ती दुबळ्याच्या रक्षणासाठी झाली नाही.

तरीही ती माणसे मोडली नाहीत. एका जहाजातून आलेले एकमेकांना ‘जहाजी भाई’, ‘जहाजी बहन’ म्हणू लागले. हिंदू-मुसलमान हा भेद त्या नात्यात नव्हता. ज्यांची सख्खी नाती सातासमुद्रापलीकडे राहिली त्यांनी जहाजातून नाती काढली. पाच वर्षांनी फुकट परतीचा हक्क होता. सुमारे एक-तृतीयांश लोक परतले, बाकीचे तिथलेच झाले. मशिदी-मंदिरे उभी केली. भोजपुरी, अवधी मिसळून ‘सरनामी’ ही त्यांची बोली तयार झाली. आजही ते स्वतःला हिंदुस्तानी म्हणवतात.

यात मराठी माणूस कुठे आहे, असे वाचक विचारतील. तो मॉरिशसला आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलस’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले आणि पुढच्या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसे तिथे गेली. त्यांतली काही जहाजे मुंबई बंदरातून सुटली आणि त्यांत कोकणातली मराठी माणसे होती. त्यांचे वंशज आज तिथे मराठी शिकतात, गणपती बसवतात. मॉरिशसमध्ये सुमारे सहापैकी एक माणूस मुस्लिम आहे, त्यांतल्या पुष्कळांची मुळे याच गिरमिटात आहेत. ज्या घाटाच्या सोळा पायऱ्या चढून हे मजूर बेटावर गेले, त्याला आधी कुली घाट म्हणत. १९८७ साली त्याचे नाव आप्रवासी घाट झाले आणि २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा मानले. आपले कोकणी मुसलमान केपटाऊनला गेले ते मात्र करारावर नव्हे, स्वतःच्या खर्चाने. ही मजूर भरती बंद व्हावी असा ठराव कलकत्त्याच्या कायदेमंडळात १९१२ साली मांडणारे गोपाळ कृष्ण गोखले हे कोकणातले होते. त्यानंतरही ती पूर्ण थांबायला काही वर्षे गेली.

असे स्मारक आपल्यापुरतेच नाही. कोरियाचे १०२ लोक जानेवारी १९०३ मध्ये जहाजाने हवाईला उसाच्या मळ्यांवर पोहोचले. १९०५ साली हजारावर कोरियन माणसे मेक्सिकोत घायपाताच्या मळ्यांवर गेली. हवाईला जाणारे ज्या इंचॉन बंदरातून निघाले, तिथे २००८ साली कोरियाने परदेशी गेलेल्या आपल्या लोकांचे संग्रहालय उघडले. देश श्रीमंत झाला तरी एके काळी आपली माणसे पोटासाठी दुसऱ्याच्या शेतात राबली, हे सांगायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

आता त्या कागदाची दुसरी बाजू. डेपोत लिहिलेली ती रजिस्टरे टिकली. सुरिनामच्या मजुरांच्या नोंदी आज संगणकावर शोधता येतात. मॉरिशसची रजिस्टरे आणि मजुरांचे फोटो तिथल्या महात्मा गांधी संस्थेत जपले आहेत. त्यामुळे चौथ्या-पाचव्या पिढीतला कोणी नातू पणजोबाचे नाव, बापाचे नाव, गाव, जिल्हा शोधतो आणि विमानाने उतरून बिहारच्या एखाद्या खेड्यात विचारपूस करत फिरतो. जून २०२३ मध्ये पहिल्या जहाजाला १५० वर्षे झाली तेव्हा राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू सुरिनामला गेल्या होत्या. तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड आधी चौथ्या पिढीपर्यंत मिळे, ते सहाव्या पिढीपर्यंत देण्याचे तेव्हा जाहीर झाले. तेही सिद्ध होते ते जुन्या नोंदींवरून. ज्या कागदाने आजोबांना बांधले, त्याच कागदाने नातवाला गाव परत दिले.

परतीच्या गाडीत खडगपूर गेल्यावर भाच्याने स्वतःहून बॅगेतला कागद काढला. “मामू, जरा वाचून द्या,” म्हणाला. मजकूर एका बाजूला अरबीत, एका बाजूला इंग्रजीत. आम्ही दोघांनी मिळून एकेक कलम त्याला समजावले. एजंटने तोंडी सांगितले होते इलेक्ट्रिशियन. कागदावर लिहिले होते सामान्य मजूर. पगाराचा आकडा सांगितल्यापेक्षा कमी, आणि उरलेली रक्कम ‘कंपनीच्या मर्जीनुसार’. आपा काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने भाच्यानेच विचारले, “यावर सही नाही केली तर?”

“तर सही नाही केली, एवढंच. नोकरी अजून लागली कुठे आहे!” मुमानी म्हणाली.

आपाला वाटले होते बाजार बघून तो कपड्याच्या धंद्याकडे वळेल. तसे झाले नाही. त्याला आजही जायचेच आहे, आणि जाऊ नको असे आम्हीही म्हणत नाही. वऱ्हाडातल्या किती घरांचे छप्पर, किती बहिणींचे निकाह, किती आई-बापांचे हज आखातातल्या पगारावर झाले हे आपण जाणतो. प्रश्न एवढाच की जाताना कोणत्या कागदावर जातो. अमरावतीला पोहोचल्यावर त्याने एजंटकडे कामाचा प्रकार आणि पगार कागदावर दुरुस्त करून मागितला. “सगळे असेच जातात,” असे उत्तर मिळाले. त्याने सही केली नाही. सध्या तो अमरावतीतच वायरिंग करतो आणि दुसऱ्या, नोंदणी असलेल्या एजंटमार्फत प्रयत्न करतो आहे.

ज्यांच्या घरातून कोणी निघायच्या तयारीत आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असे असते. अशांना आखाती देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची परवानगी लागते. ती देणाऱ्या अधिकाऱ्याचे पद इंग्रजीत ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’. गिरमिटाच्या काळातही बंदरांवर याच नावाचा अधिकारी बसत असे. आज मात्र १९८३ च्या कायद्याने त्याच्याकडे दाद मागता येते. भरती एजंट नोंदणीकृत आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर बघता येते. त्याची फी जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर एवढीच असू शकते. लाख-दीड लाख मागणारा नियमाबाहेर मागतो. परवानगी घेऊन जाणाऱ्याचा प्रवासी भारतीय विमा काढावाच लागतो, त्यात अपघाती मृत्यूला दहा लाखांचे संरक्षण आहे. टुरिस्ट व्हिसावर कामाला पाठवणाऱ्याच्या वाटेने गेले की ही सगळी कवचे गळून पडतात.

आणि एक काम घरातल्या बायकांनी करावे. पासपोर्ट, व्हिसा, सही केलेला करार, विम्याचा कागद, मालकाचा पत्ता यांची एक प्रत घरी ठेवावी. मुलगा विमानात बसण्याआधी करार त्याच्यासमोर बसून, समजेल अशा भाषेत कोणाकडून तरी पूर्ण वाचून घ्यावा. मोहल्ल्यात शिकलेली एखादी मुलगी असतेच, ती हे काम आनंदाने करील. आपाने आता एक पत्र्याची पेटी केली आहे. भाच्याचा पहिला करार, ज्यावर सही झाली नाही, तोही तिने त्यात ठेवला आहे. दुसरा येईल तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून वाचायचे, असे तिने त्याला बजावले आहे.

माल आणायला कोलकात्याला जाणाऱ्या आपल्या दुकानदार भाऊ-बहिणींनी अर्धा दिवस काढून सुरिनाम घाटावर जरूर जावे. जमले तर घरातली तरुण मुले बरोबर न्यावीत. तिथे उभ्या असलेल्या त्या दोघांसाठी, आणि वाटेत समुद्रात राहिलेल्यांसाठी, दुआ करावी.